अंगठा कुणावर गेलाय?

नववीला आनुवंशिकतेचा धडा आला की मी वर्गाला अंगठे वर करायला लावायची. मूठ बंद, अंगठा आभाळाकडे, आता तो जाईल तेवढा मागं न्या. निम्मा वर्ग हसायला लागायचा, कारण शेजारच्याचा अंगठा धनुष्यासारखा मागं वळलेला आणि आपला मात्र काठीसारखा ताठ. मग मी फळ्यावर दोन रकाने पाडायची. ताठ अंगठा प्रभावी, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून आला तरी दिसणारा; मागं वळणारा अप्रभावी, म्हणजे दोघांकडून आला तरच दिसणारा. एक जनुक, त्याची दोन रूपं, विषय संपला. तास असा रंगायचा की घंटा झालेली कळायची नाही.

एका वर्षी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगा शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "मॅडम, आई-पप्पा दोघांचाबी अंगठा मागं वळतोय. माझा न्हाई वळत." एवढंच बोलला आणि उजव्या हातानं डावा अंगठा मागं रेटत राहिला. माझ्या फळ्यावरच्या नियमानं पाहिलं, तर दोघेही आईबाप अप्रभावी गुणाचे असताना प्रभावी गुणाचं मूल होऊच शकत नाही. पोरानं रात्री घरी बसून हिशेब केला होता आणि हिशेब बरोबर होता. "नीट बघितलं नसशील," म्हणून मी त्याला वाटेला लावलं. त्यानं पुढचा प्रश्न विचारला नाही, पण तो काय होता हे दोघांनाही कळलं होतं. आज आठवलं तरी मेल्याहून मेल्यासारखं होतं. चूक त्याच्या घरात नव्हती, माझ्या रकान्यांत होती.

ती चूक कुठं होती, ते सांगते. त्यासाठी आधी अंगठ्याकडे नीट बघू.

हातात २७ हाडं असतात. बाकीच्या चार बोटांना प्रत्येकी तीन पेरं, अंगठ्याला दोनच. तळहाताच्या मुळाशी, मनगटाजवळ, अंगठ्याचा खरा चमत्कार आहे. तिथला सांधा घोड्याच्या खोगिरासारखा असतो. एका खोगिरावर दुसरं खोगीर आडवं ठेवावं तशी दोन हाडं एकमेकांवर बसतात, म्हणून अंगठा पुढं-मागं, आत-बाहेर होतो आणि वळून प्रत्येक बोटाच्या टोकाला टेकतो. सुईत दोरा ओवणं, पेन धरणं, तांबड्या रश्श्यात भाकरीचा तुकडा बुडवून उचलणं, सगळं त्याच्या जिवावर. मी वर्गात दाखवायची ती गंमत मात्र याच्या वरच्या सांध्यात असते, दोन पेरांच्या मधल्या. तो किती मागं वळेल हे हाडांच्या आकारावर आणि सांधा बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांच्या सैलपणावर ठरतं.

१९५३ साली अमेरिकेत ग्लास आणि किस्लर या दोघांनी या अंगठ्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. अंगठा ५० अंशांहून जास्त मागं गेला तर 'वळणारा', नाहीतर 'ताठ', अशी रेघ त्यांनी मारली आणि हा गुण अप्रभावी असल्याचं मांडलं. ते पुढं पाठ्यपुस्तकांत आणि शिकवण्यांत शिरलं आणि मुरलं. आता कंपासपेटीतला कोनमापक घ्या आणि घरातल्या सगळ्यांचे अंगठे मोजा. कुणाचा पाच अंश, कुणाचा वीस, कुणाचा अठ्ठेचाळीस, कुणाचा बावन्न, कुणाचा ऐंशीच्या पुढं. मधे कुठंही मोकळी जागा नाही. अठ्ठेचाळीसवाला एका रकान्यात आणि बावन्नवाला दुसऱ्यात, हे माणसानं ठरवलेलं आहे, जनुकानं नव्हे.

कोल्हापूरकराला हे कुस्तीवरनं लगेच पटेल. पैलवानांची वजनं पन्नासपासून सव्वाशेपर्यंत कशीही असतात. स्पर्धा भरवायची म्हणून आपण गट पाडतो. काट्यावर ७४ आलं तर एका गटात, थोडं जास्त भरलं तर वरच्या गटात. म्हणून काय '७४ किलोचं जनुक' नावाची वस्तू असते? वजन, उंची, रंग यांच्यात पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो आणि वर खाणंपिणं, वय, मेहनत. अंगठ्याच्या वळण्याचंही तसंच आहे. त्यात घराण्याचा वाटा आहेच, लवचिक सांध्यांची घराणी असतातच. पण लहान मुलांचे सांधे सैल असतात, वयानं आखडतात, बायकांचे सरासरीनं पुरुषांपेक्षा जास्त सैल. त्यामुळं दोन वळणाऱ्या अंगठ्यांच्या पोटी ताठ अंगठा येणं हे दोन उंच माणसांना मध्यम उंचीचा मुलगा होण्याइतकंच साधं. त्या मुलाला हे एक वाक्य सांगायला हवं होतं.

जिभेची पन्हाळी करता येणं हेही असंच. १९४० साली स्टर्टेव्हंट या नामांकित शास्त्रज्ञानं हा प्रभावी गुण म्हणून मांडला. १९५२ साली ३३ एकसारख्या जुळ्या जोड्या तपासल्या, तर त्यांतल्या ७ जोड्यांत एकाची पन्हाळी व्हायची, दुसऱ्याची नाही. एकसारख्या जुळ्यांची जनुकं तीच, मग गुण एकाच जनुकाचा कसा? स्टर्टेव्हंटनं पुढं स्वतःच चूक मान्य केली. पुस्तकं मात्र अजून पन्हाळी करतायत. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवल्यावर कुणाचा डावा अंगठा वर राहतो, कुणाचा उजवा. तोही जनुकाचा खेळ म्हणून सांगतात, आणि तिथंही एकसारखी जुळी एकमेकांपासून वेगळी निघतात.

मग वाटाण्यांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलचं अंगठ्यात काहीच नाही का? आहे. ते मला वर्गात नाही, आमच्याच घरात सापडलं.

माझ्या भावाची मुलगी अकरा वर्षांची झाली तेव्हा तिला एक सवय लागली. फोटो काढताना उजवा हात बाहीत. हळदीकुंकवाला वाण घ्यायला डावा हात पुढं, की आई डोळे वटारणार. शेवटी एका दुपारी माझ्याजवळ येऊन तिनं मूठ उघडली. डावा अंगठा चारचौघांसारखा. उजव्याचं वरचं पेर आखूड आणि रुंद, टोकाशी पसरलेलं. नख लांबीपेक्षा रुंदीला जास्त, आडव्या ठेवलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखं. "आत्ती, मोबाईलवर लिवलंय ह्याला खुन्याचा अंगठा म्हणत्यात."

म्हणतात खरं. हात बघणाऱ्यांनी दिलेलं नाव आहे ते, असा अंगठा म्हणजे तापट माणूस वगैरे. इंग्रजीत त्याला कुंभाराचा अंगठा असंही नाव आहे, माती दाबून दाबून चपटा झालेला. दोन्ही नावं सारखीच बिनबुडाची, पण दुसरं निदान कष्टाचं तरी आहे. आमच्या घरी त्याला तिसरं नाव होतं. माझ्या आत्याचे दोन्ही अंगठे असेच, आणि सगळा गोतावळा म्हणायचा, "आयुष्यभर भाकरी थापल्या, अंगठा चपटा होईल न्हाई तर काय?" आत्यालाही ते पटलेलं. भाकरी थापताना ती अंगठ्यानं कड सारखी करायची ते मी लहानपणी टक लावून बघायची. मलाही वाटायचं, झिजला असणार.

पण माझ्या भाचीनं उभ्या जन्मात एक भाकरी थापलेली नाही. तिचा अंगठा कशानं चपटा झाला? मोबाईलवर टाइप करून?

हा घोळ सोडवायला कोल्हापुरासारखं गाव नाही. गंगावेस तालमीपासून मोतीबाग तालमीपर्यंत कुठंही जा, जुन्या पैलवानाचे कान बघा. पकडीत घासून, आपटून, आत रक्त साकळून सुजलेले आणि मग तसेच घट्ट झालेले. कोबीच्या गड्ड्यासारखे. ते कान त्याची कमाई. त्याच्या पोराचे कान जन्मताना इतर कुणाच्याही बाळासारखे मऊ, पातळ, सपाट असतात. पोरगा आखाड्यात उतरला आणि त्यानंही मेहनत केली तर त्याचे कान मोडतील, पण ते त्याचे त्यानं मोडलेले. आज्यानं गाजवलेलं खासबाग मैदान नातवाच्या कानात उतरत नाही. शरीरावर आयुष्यात जे घडतं ते बीजांडात आणि शुक्रपेशीत लिहिलं जात नाही. आत्याच्या भाकरींनी अंगठा चपटा झाला असता, तर तो तिच्याबरोबरच संपला असता.

मग तो आखूड कसा होतो? इथं उसाच्या फडात चला. ऊस वाढतो तो शेंड्याला, हे तर दिसतंच. पण प्रत्येक कांडीत डोळ्याच्या जरा वर एक मऊ वलय असतं, तिथं कांडी लांबत असते. ते वलय कडक झालं की कांडी तेवढीच राहते. पाण्याचा ताण पडलेल्या महिन्यातली कांडी आखूड असते, हे ऊस सोलणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. मुलांच्या हाडांतही असंच वाढीचं वलय असतं, कूर्चेचं, मऊ. अंगठ्याच्या वरच्या पेराचं वलय पेराच्या बुडाशी, सांध्याजवळ असतं. मुलींचं साधारण तेरा-पंधराव्या वर्षी आणि मुलांचं त्यानंतर दीड-दोन वर्षांनी ते हाडात बदलून बंद होतं. आत्याचं आणि भाचीचं ते वेळेआधीच बंद झालं. लांबी थांबली, जाडी वाढत राहिली. नख खालच्या हाडाचा आकार घेतं, म्हणून तेही आडवं पसरलं. एवढीच भानगड. पकड, ताकद, अक्षर, सतार, कशालाही आडकाठी नाही. बारशाला बाळाची मूठ उघडून "अंगठा आमच्यावर गेलाय" म्हणणाऱ्यांनीही जरा धीर धरावा. हा फरक वाढीच्या वयात स्पष्ट होत जातो.

वैद्यकात याला ब्रॅकिडॅक्टिली प्रकार डी म्हणतात, म्हणजे सरळ मराठीत आखूडबोटेपणा. ए ते ई ही वर्गवारी ब्रिटनच्या ज्युलिया बेल यांनी १९५१ साली केली. गंमत अशी की माणसात प्रभावी गुण मेंडेलच्या नियमानं उतरतो हे पहिल्यांदा दाखवलं गेलं तेही आखूड बोटांच्याच एका घराण्यात, १९०५ साली, फॅराबी नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाकडून. तो प्रकार वेगळा, त्यात सगळीच बोटं आखूड. पण मेंडेलचे वाटाणे माणसाच्या हाताला लागले ते असे.

आता हिशेब. आपल्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. प्रभावी म्हणजे दोनातली एक प्रत बदललेली असली तरी गुण दिसतो. अशा माणसाच्या प्रत्येक मुलाला ती प्रत मिळण्याची शक्यता निम्मी. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं नव्यानं उडतं, आधीच्या मुलाला मिळाली म्हणून पुढचं सुटत नाही. प्रकार डीच्या काही घराण्यांत हा बदल दुसऱ्या गुणसूत्रावरच्या हॉक्स डी १३ नावाच्या जनुकात सापडला, २००३ साली. सगळ्या घराण्यांत तोच असतो असं नाही. लोकसंख्येत हा अंगठा किती? वेगवेगळ्या ठिकाणी मोजले तेव्हा आकडे हजारात चारापासून शंभरात चारापर्यंत आले. शाळेच्या प्रार्थनेला हजार पोरं उभी असतील, तर चार तरी अशी असणार, कदाचित चाळीस. आणि बहुतेकांचे हात खिशात.

पण आमच्या घराचा नकाशा काढला तर तो वाटाण्यासारखा सरळ नाही. आत्याचे दोन्ही अंगठे आखूड. तिचा भाऊ, म्हणजे माझे वडील, त्यांचे अंगठे लांबसडक. माझ्या भावाचे तसेच. आणि भाचीचा एक. मधल्या दोघांत काहीच नाही. मग आला कुठनं?

प्रत बहुतेक वडिलांतनं आणि भावातनंच आली, फक्त तिथं थांबली नाही. विनाथांबा गाडी वाटेतल्या गावातनं जाते पण कुणी उतरत नाही, तशी. जनुक असूनही गुण न दिसणं हे अंगठ्याच्या बाबतीत वारंवार होतं, आणि हा अंगठा पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो. एक पिढी मधे गाळून गुण वर येतो तो असा. आमच्याकडे दोन पिढ्या गाळल्या. जनुकाची तपासणी आम्ही केलेली नाही, तिची गरजही नाही. पण आत्याच्या अंगठ्यापुढं भाचीचा धरला की शंका उरत नाही.

दिसलं तरी किती दिसेल, तेही ठरलेलं नाही. भाचीच्या दोन्ही हातांत जनुकं तीच, तरी एकच अंगठा आखूड. ज्यांना वाटतं की जनुक म्हणजे कपाळावरचा लेख, त्यांनी या दोन अंगठ्यांकडे बघावं. त्याच घरचं बी, तीच जमीन, तेच पाणी, आणि दोन रोपं सारखी नाहीत. पोटात असताना आणि नंतर पेशींच्या पातळीवर बारीकसारीक योगायोग घडत असतात. कुठलं वलय आधी कडक होणार, त्यात जनुकाचा शब्द मोठा, पण शेवटचा नाही.

अंगठा वेगळा पडतो तो मुळातच. गर्भ चार आठवड्यांचा असताना हात म्हणजे बाजूला फुटलेला कोंभ. त्याचं उलथन्यासारखं पातं होतं आणि मग बोटांमधल्या पेशी मरून बोटं सुटी होतात, हे आठव्या आठवड्याच्या आसपास उरकतं. कुठलं बोट कुठं, हे कसं ठरतं? करंगळीच्या कडेला पेशींचा एक पुंजका एक रसायन सोडतो. त्याचं नाव सॉनिक हेजहॉग. होय, व्हिडिओ गेममधल्या त्या निळ्या प्राण्याचंच नाव, शास्त्रज्ञांनाही कंटाळा येतो. गुऱ्हाळाचा वास जसा जवळ दाट आणि लांब जाता विरळ, तसं हे रसायन करंगळीशी दाट आणि पुढं विरळ. अंगठा इतक्या लांब की तो त्याच्याशिवायच घडतो. पाचांतलं हे एकच बोट गुऱ्हाळाच्या वासाशिवाय वाढतं.

कधी अंगठ्याच्या कडेलाही चुकून चूल पेटते. मग जादा अंगठा फुटतो किंवा अंगठ्याला तीन पेरं येतात. हे रसायन कधी आणि कुठं सुरू करायचं त्याचं बटण जनुकात नसून त्यापासून डीएनएची सुमारे दहा लाख अक्षरं दूर असतं. बटणात एखादं अक्षर बदललं तरी पुरतं.

हॉक्स जनुकं म्हणजे ऊसतोड टोळीतले मुकादम समजा, कुणी काय करायचं ते सांगणारे. कोंबडीच्या आणि उंदराच्या गर्भात दिसलं की हात घडताना इतर बोटांच्या जागी डी रांगेतले बरेच मुकादम हजर असतात, अंगठ्याच्या जागी एकटा डी १३. त्याच्या हाताखाली काही बिघडलं तर सावरायला बाजूला कुणी नाही. आखूडपणा अंगठ्यालाच का धरतो त्याचं कारण यात असावं, असं मला वाटतं.

काळजी कधी करायची तेही सांगते, कारण आया तेच आधी विचारतात. जन्मापासून वा वाढीच्या वयात आखूड झालेला अंगठा, बाकी सगळं नीट, तर काही करायचं नाही. बाळाचा अंगठा तीन पेरांचा असेल, फार बारीक असेल किंवा नसेलच, तर बालरोगतज्ज्ञाला दाखवा. काही विकारांत अंगठा आणि हृदय दोन्हींत एकदम दोष असतो, म्हणून डॉक्टर छातीची तपासणी सांगतात, ते उगीच नाही. आणि मोठ्या वयात सगळ्याच बोटांची टोकं फुगून नखं घड्याळाच्या काचेसारखी फुगीर होऊ लागली तर ती आनुवंशिकता समजून बसू नका. ते फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आजाराचं लक्षण असू शकतं.

हे सगळं भाचीला मी एका बैठकीत सांगितलं नाही. उसाची गोष्ट तिला आवडली, हेजहॉग त्याहून. खुन्याच्या नावावर ती बरेच दिवस अडून होती. तोवर तिच्या पायात कोल्हापुरी घालायची वेळ आली, मामाच्या लग्नाला. आम्ही चप्पल लाईनला गेलो. कोल्हापुरीला बोट अडकवायचं जे कडं असतं त्याला अंगठाच म्हणतात. या प्रकारात पायाच्या अंगठ्याचं वरचं पेरही कधी कधी आखूड, रुंद असतं. हाताची बोटं आणि पायाची बोटं घडवणारी जनुकं बरीचशी तीच. तिच्या उजव्या पायाकडे तोवर कुणी बघितलंच नव्हतं, मीसुद्धा.

दुकानदारानं चप्पल तिच्या पायात सरकवली, दाबून बघितली आणि म्हणाला, "अंगठा घट्ट हाय की ओ."

भाचीचा उजवा हात झटकन बाहीत गेला. तो चपलेचा अंगठा म्हणत होता. त्याचं तिच्या हाताकडे लक्षही नव्हतं. त्यानं चप्पल काढून घेतली, कड्यात तेलाचं बोट फिरवलं, हातोडीचा दांडा घालून दोनदा पिळला आणि परत पायाशी ठेवली. "आता घाला. चार दिस चालली की तुमच्या पायाची हुईल." तिनं खाली वाकून दोन्ही हातांनी पट्टा ओढला. उजवा अंगठा चामड्यावर टेकलेला, नख आडवं, पांढरं पडेपर्यंत दाबलेलं.

"आत्ती," ती मान वर न करता म्हणाली, "तुझ्या आत्तीच्या, आजीच्या चपलेचा अंगठा कायम तुटल्याला असायचा, ते ह्याच्यामुळंच का?"

मला ते कधी सुचलंच नव्हतं.